आईला घरी मदतीला माणूस लागतंय का, हे ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७८ वर्षांच्या, पुण्यात सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, बिल्डिंगला लिफ्ट नाही, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला, मुलगा न्यू जर्सीला. मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये पडल्या, हाड मोडलं नाही, पण ही गोष्ट मुलीला कळली दहा दिवसांनी आणि तीही शेजारच्या काकूंकडून. भाऊ म्हणतोय ताबडतोब चोवीस तासांची बाई ठेव, पैसे मी पाठवतो. आई म्हणतायत मला काही झालेलं नाहीये, घरात परकी बाई आणलीत तर मी तिच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. आणि ताई विचारतायत की नेमकी वेळ आलीये का नाही, हे ठरवायचं कसं.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, २३ वर्षं झाली, आणि माझं बहुतेक काम पेशंटच्या घरी जाऊनच चालतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची घरं मी बाथरूमपासून देवघरापर्यंत बघितलीयत. त्यातून एक गोष्ट शिकले ती आधी सांगते. आईला काय जमतंय हे विचारत बसू नका, आईने काय काय करायचं सोडून दिलंय ते शोधा.

कारण म्हातारं माणूस "मला हे जमत नाही" असं म्हणतच नाही हो. ते ती गोष्ट करायचं थांबवतं आणि वर एक चांगलं कारण देतं. देवळात हल्ली फार गर्दी असते. एकटीसाठी काय पोळ्या लाटायच्या, दूधपोहे बरे पडतात. थंडीत रोज कशाला डोक्यावरून आंघोळ. यातलं एकेक कारण घेतलं तर अगदी पटण्यासारखं असतं, म्हणून तर फोनवर आपण हो हो म्हणतो, पण चार-पाच कारणं शेजारी शेजारी ठेवली की मग लक्षात येतं की यांना जिना उतरायची भीती वाटतेय, ओट्यापाशी वीस मिनिटं उभं राहवत नाहीये, आणि बाथरूममध्ये तोल जातोय.

एका आजींकडे मी गुडघ्याच्या व्यायामासाठी जायचे. घर स्वच्छ, आजी हसतमुख, मुलगा-सून त्याच घरात. एक दिवस नात सहज म्हणाली की आजी आता पूजा डायनिंग टेबलवर करते. मी आजींना विचारलं का हो, तर म्हणाल्या खाली बसलं की उठता येत नाही. मग विचारलं आंघोळ कशी करता, तर दोन महिने झाले उभ्यानेच, एका हाताने नळ धरून, कारण प्लॅस्टिकचं स्टूल एकदा सरकलं होतं. पाठ किती दिवसांत धुतली गेली नव्हती कोण जाणे. एकाच घरात राहून मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तो काही वाईट मुलगा नव्हता, रोज आईला "बरी आहेस ना" विचारूनच ऑफिसला जायचा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुम्ही तीन-चार दिवस तिथे जाऊन राहा, पाहुण्यासारखं नाही, आणि पहिल्या दिवसावर विश्वास ठेवू नका. लेक येणार म्हणून आईने आदल्या दिवशी सगळं आवरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खरं घर दिसायला लागतं. फ्रिज बघा, तीच आमटी किती दिवस चाललीये, दुधाच्या पिशव्या न फोडता किती साठल्यात. भांड्यांचे बुड बघा, करपून घासलेलं भांडं लपत नाही. साबण कोरडा ठणठणीत आहे का. पायाची नखं बघा, वाकता येत नसलं की सगळ्यात आधी ती वाढतात. बांगड्या बघा! हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला, तर वजन उतरलंय हे काट्याशिवाय कळतं. सहा महिने-वर्षभरात काही कारण नसताना वजन पाच टक्के कमी झालं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं.

गोळ्या मोजा. हे मी प्रत्येक घरी करायला लावते. बिलावरची तारीख बघायची, स्ट्रिप किती गोळ्यांची ते बघायचं, रोज एक म्हणजे आज किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात. जास्त उरल्या असतील तर विसरतायत, कमी उरल्या असतील तर घेतल्याचं विसरून परत घेतायत, आणि दुसरं जास्त घातक. साखरेची गोळी, इन्शुलिन, रक्त पातळ करायची गोळी, यात घोळ सापडला तर बाकी काहीही ठीक असलं तरी त्या दिवसापासून गोळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातून जायला हव्यात.

आता थोडं आमच्या शास्त्रातलं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा गोष्टींची यादी मांडली, आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठबस, लघवी-संडासवर ताबा, आणि हाताने जेवणं. ती आजही जगभर वापरतात, आणि त्यांना दिसलं ते असं की या गोष्टी साधारण याच क्रमाने सुटत जातात, आंघोळ सगळ्यात आधी आणि जेवणं सगळ्यात शेवटी. म्हणून "आई हाताने जेवते, व्यवस्थित बोलते" यावर निर्धास्त होऊ नका, आंघोळीचं काय ते बघा. त्याच्याही आधी जातात ती बाहेरची कामं, बँक, बिलं, सामान आणणं, स्वयंपाक, औषधं. महावितरणचं बिल आयुष्यात कधी चुकवलं नाही अशा बाईंचं बिल दोनदा थकलं तर त्याला विसरभोळेपणा म्हणून सोडू नका.

एक साधी टेस्ट तुम्हीच करू शकता. हात असलेल्या खुर्चीत आईंना बसवा, तीन मीटरवर फरशीवर खूण करा. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लावा आणि तुम्ही बाजूने चालत राहा, दूर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत बसू नका. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून चालतात. आकड्यापेक्षाही मला वळताना काय होतं ते बघायचं असतं, झटकन वळतात की सहा-सात छोटी पावलं टाकत भिंत शोधतात.

आणि बाईचा विचार करण्याआधी डॉक्टर. हे मी कळकळीने सांगते कारण यात चूक झालेली मी अनेकदा बघितलीये. म्हातारपण हळूहळू येतं, महिन्या-वर्षांनी. काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस चार-आठ दिवसांत बडबडायला लागलं, झोपूनच राहायला लागलं, पडायला लागलं, तर ते म्हातारपण नव्हे, आजार आहे आणि बऱ्याचदा बरा होणारा आजार. लघवीचं इन्फेक्शन म्हाताऱ्यांमध्ये ताप न येता नुसता गोंधळ घेऊन येऊ शकतं. एका आजोबांच्या घरी मला चालायला शिकवा म्हणून बोलावलं होतं, दिवसाला एक आणि रात्रीला एक असे सांभाळायला दोन मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, ठेवून झाले होते, घरच्यांनी धरूनच चाललं होतं की आता हे असंच. मी म्हटलं आधी रक्त तपासा, तर सोडियम खूप खाली गेलेलं. बीपीची जी गोळी चालू होती तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, वर घरी कोणीतरी मीठ पूर्ण बंद केलेलं. डॉक्टरांनी औषध बदललं, सोडियम सावकाश वर आणलं, आणि आजोबा पुन्हा स्वतः पेपर आणायला जायला लागले. बी-१२, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, इतकंच काय कानात साठलेला मळ, ही सगळी आधी तपासायची कारणं.

तुमच्या आई पडल्यात म्हणून दोन गोष्टी नक्की करून घ्या. एक म्हणजे झोपून आणि मग उभं राहून बीपी, पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत परत, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पहाटे बाथरूमला उठताना डोळ्यापुढे अंधारी येण्याचं कारण तिथेच सापडतं. दुसरं, पडताना डोकं आपटलं होतं का हे नीट विचारा. या वयात डोक्याला लागल्यावर आत हळूहळू रक्त साठत जाऊन दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा त्रास दिसतो, रक्त पातळ करायची गोळी असेल तर जास्तच. डोकं दुखतंय, पेंगुळल्यासारख्या वाटतायत, एका बाजूने चाल बिघडलीये, असं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला.

हे सगळं झाल्यावरही मदत आणायला कधी थांबायचं नाही ते सांगते. सहा महिन्यांत दोनदा पडणं, किंवा एकदाच पण स्वतःहून उठता न येणं. गॅस चालू राहणं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं. गोळ्यांचा घोळ. रात्री बाथरूमपर्यंत पोचता न येणं. आणि हो, आंघोळ टाळणं. यातलं एक जरी पक्कं दिसलं तरी मदत सुरू करायची, दोन दिसली तर त्या आठवड्यातच करायची.

(ज्यांचे आई-वडील दोघंही आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा. दोघं मिळून एक माणूस पूर्ण करत असतात. बाबांना दिसत नाही पण आठवतं, आईला दिसतं पण आठवत नाही. संसार छान चाललेला दिसतो आणि मग एकाला चार दिवस ॲडमिट करावं लागतं आणि त्या चार दिवसांत कळतं की दुसऱ्याला कुलूपसुद्धा लावता येत नाहीये. म्हणून दोघांना वेगवेगळं बघा. आणि जो दुसऱ्याचं करतोय तो स्वतः पंचाहत्तरीचा आहे हेही बघा, तो थकला असेल तर तेवढं कारण पुरे आहे.)

आता तुमच्या भावाचं म्हणणं. त्याची काळजी खरी आहे, लांब असल्यावर रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो, ते मी खूप मुलांच्या तोंडून ऐकलंय. पण आज थेट चोवीस तासांची बाई हे मला पटत नाही. जे काम आपल्यासाठी दुसरं कोणीतरी करायला लागतं ते काम आपलं शरीर विसरतं, म्हाताऱ्यांचं तर फार पटकन. दिवसभर हातात पाणी मिळायला लागलं की ओट्यापर्यंतच्या त्या वीस फेऱ्या बंद होतात, आणि त्या फेऱ्या हाच त्यांचा व्यायाम असतो. घरी सांभाळायला येणाऱ्या मावशींना मी नेहमी सांगते, हात धरायचा नाही, हात जवळ ठेवायचा. आजी चिरतील भाजी, तुम्ही विळी काढून घ्या आणि टेबलवर सुरी-पाट द्या. कुकर तुम्ही उचला, फोडणी त्या घालतील.

त्यामुळे मदत तासांनी मोजा. एक वही करा, चौदा दिवस, आईंचा दिवस सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत लिहा आणि कुठे अडतंय तिथे खूण करा. बहुतेकांचं सकाळी दोन तास अडतं, उठणं, बाथरूम, आंघोळ, चहा-नाश्ता, गोळ्या. मग सकाळी सात ते नऊ एक मावशी, दुपारच्या पोळी-भाजीला बाई किंवा डबा, संध्याकाळी कोणीतरी खाली फिरायला न्यायला, एवढ्यावर अनेक जण वर्षानुवर्षं चांगले राहिलेत. खुणा रात्री जास्त असतील तर रात्रीचं माणूस ठेवा आणि दिवस मोकळा ठेवा, असंही चालतं. दिवसभर एकटं सोडणं धोक्याचं झालं की मग बारा तास, आणि रात्रीही तीच गत असेल तर चोवीस.

मावशी पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलताना काय मागताय हे स्पष्ट असू द्या. आंघोळ, कपडे, जेवण, फिरवणं यासाठी मावशी पुरतात. नाकातली नळी, लघवीची नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेली सिस्टरच हवी, ब्युरो सांगतं "ही बाई सगळं करते" तेव्हा कुठे शिकली ते विचारा. आधार कार्डाची कॉपी, पोलिस व्हेरिफिकेशन, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, ब्युरोचं कमिशन कोण भरणार, हे आधी लिहून घ्या. दागिने लॉकरमध्ये, एटीएमचा पिन आईंनी कोणालाही सांगायचा नाही. पैशाचं म्हणाल तर हा खर्च खिशातूनच जाणार असं धरून चाला. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं कव्हर मिळतं, ते कार्ड काढून ठेवाच, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर कामाला येतं, घरच्या मावशींच्या पगाराला नाही.

आणि मावशींबद्दल एक बोलायचंय, जरा मनापासून. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे. आजी रात्री पाच वेळा उठणार असतील तर तीच बाई दिवसाही उभी राहू शकत नाही, ती महिन्याभरात सोडून जाईल नाहीतर एका रात्री तिला जाग येणार नाही. अशा वेळी दोन पाळ्या कराव्या लागतात. तिला झोपायला जागा, पोटभर जेवण, दुपारी दोन तास आडवं व्हायला, एवढं हवंच. मी अशी घरं बघितलीयत जिथे आईची लघवी-संडास काढणाऱ्या बाईचा कप वेगळा असतो आणि तिने ओट्याला हात लावलेला चालत नाही. मला ते बघवत नाही. तुमच्या आई पाण्याचं जे म्हणाल्या त्यात असलं काही असेल तर त्यांच्याशी शांतपणे पण स्पष्ट बोला, कारण जिच्या हातात आपण आईचं अंग देतो तिला परकं ठेवून ही गोष्ट टिकत नाही.

आईंचा नकार मात्र समजून घ्या. बाई आली म्हणजे आता आपलं संपलं, उद्या वृद्धाश्रम, असं त्यांच्या मनात असतं, बोलून दाखवत नाहीत. "तुझ्यासाठी बाई ठेवतोय" या वाक्याने भांडणच होतं. त्यांना स्वतःला कशाचा कंटाळा येतो ते विचारा. कोणाला बादली उचलायचा येतो, कोणाला माळ्यावरचे डबे काढायचा. तिथून सुरू करा, आठवड्यातून तीन दिवस, महिनाभर, पटलं नाही तर बंद, आणि ते बंद करायचा अधिकार खरंच त्यांना द्या. दोन-तीन जणी बोलवा आणि पसंत त्यांनाच करू द्या. आणि खरं ते सांगा, की आई, तू पडल्याचं मला दहा दिवसांनी कळलं, तेव्हापासून मला झोप लागत नाही, हे माझ्यासाठी कर. खोटं सांगून, "सोसायटीने पाठवलीये" वगैरे, घुसवू नका, एकदा विश्वास गेला की पुढचं पडणं त्या तुमच्यापासून दहा महिने लपवतील. त्यांचं डोकं शाबूत असेल तर नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे, थोडा धोका पत्करून स्वतःच्या घरात स्वतःच्या मनाने राहायचा हक्कसुद्धा. विसरण्याचा आजार निघाला तर गोष्ट वेगळी, तिथे त्यांच्या "मी ठीक आहे" वर सोडून देता येत नाही, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

भावाला सांगा, नुसते पैसे नकोत. पुढच्या वेळी आला की त्यालाही चार दिवस ती वही भरू दे, आणि तोपर्यंत औषधं ऑनलाइन मागवणं, बिलं भरणं, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल हे त्याच्याकडे द्या, न्यू जर्सीतून हे सगळं होतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातसुद्धा आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच टाकलीये. कधी अगदीच अडलं आणि काय करावं कळेना तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे.

बाथरूमचं काम मात्र कोणाच्या होकाराची वाट न बघता करून घ्या. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत ड्रिल करून स्टीलचे धरायचे दांडे, टॉवेलचा रॉड धरून पडलेली किती तरी माणसं मी बघितलीयत, तो माणसाचं वजन पेलत नाही. आंघोळीला रबरी बुडाची पक्की खुर्ची, प्लॅस्टिकचं हलकं स्टूल फेकून द्या. पायपुसणी सगळी उचला. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा. गाऊन घोट्याच्या वर. बाथरूमची कडी आतून लागणारी असेल तर बदलून बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवा.

आणि मुख्य दाराची कडी. रात्री आतून कडी लावायची सवय आपल्या सगळ्या आयांना असते, आणि आत पडलेल्या आजींपर्यंत पोचायला सुतार शोधण्यात गेलेले दोन तास मी डोळ्यांनी बघितलेत, आजी आतून हाका मारत होत्या आणि आम्ही बाहेर. तुम्हाला पुण्याला यायला वेळ लागेल, सुट्टी, तिकीट सगळं आलं, पण आज रात्रीच आईंना फोन करून सांगा की कडी लावू नकोस, फक्त लॅच ओढ, आणि लॅचची एक किल्ली त्या शेजारच्या काकूंकडे देऊन ठेव.